लॅपटॉपवर चालणारा मॉडेल सर्व्हर क्लाउडवर सारखा पडतो: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

लक्षणं

ट्रेन केलेलं मॉडेल वेबवरून वापरू देणारा सर्व्हर क्लाउडवर डिप्लॉय केला (चढवला), प्लॅटफॉर्मने हिरवी खूण दाखवली, आणि पत्त्यावर जाऊन बघावं तर ५०२ किंवा ५०३, म्हणजे ‘सर्व्हरकडून उत्तर नाही’ ही एरर. लॉग उघडला की ‘मॉडेल लोड होत आहे’ ही तुम्हीच लिहिलेली ओळ दिसते. त्यापुढे काही नाही, ना एरर ना ट्रेसबॅक (एरर कोडमध्ये कुठे आली ते दाखवणारा माग). थोड्या वेळाने तीच ओळ पुन्हा उगवते, मग पुन्हा. ये रे माझ्या मागल्या. तोच कोड आणि तेच मॉडेल लॅपटॉपवर मात्र बिनबोभाट चालतं.

या दुखण्याची रूपं वेगवेगळी असतात. तुमच्याकडे कुठलं आहे ते कळलं की अर्धं निदान झालं, म्हणून कशालाही हात लावण्याआधी एवढं बघा:

- सुरू झाल्या झाल्या, काही सेकंदांत पडतो: फाइल, लायब्ररीची आवृत्ती किंवा प्रोसेसरचा प्रकार.
- मॉडेल लोड होताना, एकही एरर न देता पडतो: बहुतेक वेळा मेमरी.
- लॉगमध्ये सर्व्हर सुरू झालेला दिसतो, पण बाहेरून उत्तर येत नाही: पोर्ट किंवा पत्ता.
- दर वेळी साधारण तेवढ्याच सेकंदांनी मारला जातो: हेल्थ चेक (प्लॅटफॉर्म ठराविक वेळाने ‘ठीक आहेस ना’ असं विचारतो ती तपासणी) किंवा टाइमआउट.
- एकट्याने वापरला तर चालतो, चार जण एकदम आले की पडतो: मेमरी किंवा हेल्थ चेक, दोन्ही तपासावे लागतात.
- पडत नाही, पण लॅपटॉपपेक्षा कितीतरी हळू: हा प्रकार खाली वेगळा घेतला आहे.

असे सर्व्हर मी वारंवार दुरुस्त करत असतो. त्यात मॉडेलचा दोष क्वचितच निघतो. सर्व्हर आणि प्लॅटफॉर्म यांच्यात तीन गोष्टींचा करार असतो: किती मेमरी, कुठला पोर्ट, किती वेळ. लॅपटॉपवर हा करार कोणी तपासत नाही, क्लाउडवर तो मोडला की प्रोसेस मारली जाते. म्हणून पहिल्याच झटक्यात मोठं मशीन घेऊ नका. पोर्ट चुकला असेल तर दुप्पट मेमरीने काहीही होणार नाही. आणि दोष मेमरीचाच असेल, तर मोठ्या मशीनवर तो काही दिवस झाकला जातो आणि वापर वाढला की त्याच जागी परत येतो, फक्त तोवर बिल दुप्पट झालेलं असतं.

आधी लॉग खरा करून घ्या

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. पायथॉनचं प्रिंट टर्मिनलवर लगेच दिसतं, पण कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधलेली पेटी, क्लाउडवर सर्व्हर त्यात चालतो) आउटपुट टर्मिनलला जोडलेलं नसतं, त्यामुळे ओळी आधी बफरमध्ये साठतात. प्रोसेसला सिगकिल (जागच्या जागी मारणारा सिग्नल) बसला की तो बफर रिकामा करायलाही उसंत मिळत नाही, साठलेल्या ओळी तशाच जातात. म्हणजे लॉगमध्ये दिसणारी शेवटची ओळ ही प्रत्यक्षात चाललेली शेवटची ओळ नसते. लोक त्या ओळीच्या आसपासचा कोड तासन् तास उकरत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘पायथॉन-अनबफर्ड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा आणि पुन्हा डिप्लॉय करा. सोबत मॉडेल लोड करण्याच्या आधी आणि नंतर एकेक ओळ छापा, वेळेसकट. पुढच्या प्रत्येक पायरीला या दोन ओळी लागणार आहेत.

एक्झिट कोड वाचा

प्रोसेस संपताना एक आकडा मागे ठेवते. प्लॅटफॉर्मच्या इव्हेंट्समध्ये, डॉकर (कंटेनर बांधून चालवणारं साधन) असेल तर ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये, किंवा कुबरनेटीस (अनेक कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) असेल तर ‘कुबेक्टल डिस्क्राइब पॉड’मध्ये तो मिळतो. १२८ पेक्षा मोठा आकडा म्हणजे प्रोसेसला एखाद्या सिग्नलने मारलं असं समजायचं. त्यातून १२८ वजा करा, सिग्नलचा नंबर मिळेल.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, सिगकिल. मेमरी संपल्यावर लिनक्सचा कर्नल हाच सिग्नल देतो. १४३ म्हणजे सिगटर्म: ‘आता थांब’ असं कोणीतरी रीतसर सांगितलं, म्हणजे नवं डिप्लॉय, स्केल डाउन किंवा हेल्थ चेक. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट: पायथॉनच्या खालच्या सी किंवा सी प्लस प्लस लायब्ररीत गडबड. १३२ म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना. साधा १ आला तर पायथॉनचाच एक्सेप्शन आहे आणि लॉगमध्ये ट्रेसबॅक असणार. हा सगळ्यात सोपा पाहुणा.

१३७ दिसला की लगेच ‘मेमरी’ म्हणून मोकळं होऊ नका. हेल्थ चेक नापास झाला की कुबरनेटीस आधी सिगटर्म देतं, नेहमीच्या सेटिंगप्रमाणे ३० सेकंद वाट बघतं आणि तरीही प्रोसेस थांबली नाही तर सिगकिल देतं. कोड तोच, १३७. फरक कारणाच्या रकान्यात असतो. तिथे ‘ओओएम-किल्ड’ लिहिलं असेल तरच तो मेमरीचा बळी.

गनिकॉर्न (पायथॉनचा वेब सर्व्हर, तो कामासाठी ‘वर्कर’ नावाच्या वेगळ्या प्रोसेस उघडतो) वापरत असाल तर आणखी एक चकवा आहे. मेमरीमुळे वर्कर मरतो, पण मुख्य प्रोसेस जिवंत राहते, म्हणून कंटेनर पडत नाही आणि एक्झिट कोडही मिळत नाही. लॉगमध्ये मात्र ‘वर्करला सिगकिल पाठवला गेला, कदाचित मेमरी संपली असावी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. त्यातला ‘कदाचित’ गांभीर्याने घ्या. त्या ओळीच्या वर ‘वर्कर टाइमआउट’ असेल, तर वर्करला गनिकॉर्ननेच वेळ संपल्यामुळे मारलेलं असतं आणि मेमरीचा त्यात काही संबंध नसतो. एक ओळ वर बघायची सवय ठेवा, अर्धा दिवस वाचतो.

पोर्ट आणि पत्ता

हा दोष दुरुस्त करायला एक ओळ लागते, म्हणून मेमरीच्या आधी घेतला आहे.

यूव्हिकॉर्न हा पायथॉनचा आणखी एक वेब सर्व्हर, काही सांगितलं नाही तर, १२७.०.०.१ वर, ८००० पोर्टवर ऐकायला बसतो. हा पत्ता म्हणजे कंटेनरचं स्वतःचं आतलं दार. बाहेरून प्लॅटफॉर्मचा राउटर येतो तेव्हा तिथे कोणी नसतं. होस्ट ०.०.०.० द्या. पोर्टही मनाने ठरवू नका. गूगलचा क्लाउड रन नेहमीच्या सेटिंगमध्ये ८०८० वर रिक्वेस्ट पाठवतो. हेरोकू हा दुसरा क्लाउड प्लॅटफॉर्म दर वेळी वेगळा पोर्ट देतो, आणि ६० सेकंदांत त्या पोर्टवर ऐकायला सुरुवात केली नाही तर आर-१० ही एरर देऊन प्रोसेस मारतो. दोघंही तो नंबर ‘पोर्ट’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतात, तिथूनच वाचा.

इथली एक बारीक खोच अनेकांना छळते. डॉकरफाइलमध्ये (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, कसा बांधायचा ते सांगणारी फाइल) सर्व्हर सुरू करणारी सीएमडी ही ओळ चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहिली असेल, तर मध्ये शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) नसतो आणि डॉलर चिन्हासह लिहिलेल्या पोर्टची किंमत भरली जात नाही. सर्व्हरच्या हातात आकड्याऐवजी ती अक्षरंच पडतात. यादी काढून साधी ओळ लिहिली तर किंमत भरली जाते, पण मग शेल पहिली प्रोसेस होते आणि सिगटर्म तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून साध्या ओळीत कमांडच्या आधी ‘एक्झेक’ लावा, शेल बाजूला होतो आणि सर्व्हर त्याची जागा घेतो.

मॉडेलची फाइल खरंच आत आहे का

कंटेनरमध्ये शिरा आणि फाइलचा आकार बघा. फक्त नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका.

गिट एलएफएसमध्ये (गिटची मोठ्या फाइली वेगळ्या ठेवण्याची सोय) ठेवलेलं मॉडेल बिल्डच्या वेळी खाली उतरवलं गेलं नाही, तर त्या जागी तीन ओळींची एक छोटी टेक्स्ट फाइल राहते: पहिल्या ओळीत ‘व्हर्जन’ आणि एक दुवा, दुसरीत हॅश, तिसरीत खऱ्या फाइलचा आकार. सगळी मिळून सव्वाशे-दीडशे बाइट. पिकल (पायथॉनमधल्या वस्तू फाइलमध्ये साठवणारं आणि परत उघडणारं साधन) ती उघडायला जातो आणि ‘इनव्हॅलिड लोड की, व्ही’ अशी तक्रार करतो. तो ‘व्ही’ म्हणजे ‘व्हर्जन’चं पहिलं अक्षर. ही एरर वाचून मॉडेल बिघडलंय, पुन्हा ट्रेन करायला हवं, असं वाटण्याचा पुरेपूर संभव आहे. मॉडेल ठणठणीत असतं, फक्त ते इथवर आलेलंच नसतं.

फाइल अजिबातच नसेल तर ‘डॉकर-इग्नोर’ (इमेजमध्ये काय घ्यायचं नाही त्याची यादी) बघा. मोठ्या फाइली वगळण्याचा जुना नियम मॉडेललाही वगळत असतो. आणि नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं: विंडोज आणि मॅक सहसा याबाबतीत उदार असतात, लिनक्स नाही.

मेमरीचा हिशोब

इथे जरा बसावं लागतं. बहुतेक मॉडेल सर्व्हर याच जागी मरतात, आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करणारे फार कमी.

मूळ गुणाकार सोपा आहे: पॅरामीटरची (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांची, म्हणजे वजनांची) संख्या गुणिले प्रत्येकाचे बाइट. ३२ बिटांचा फ्लोट असेल तर ४ बाइट, १६ बिटांचा असेल तर २. बर्ट बेस या भाषा मॉडेलमध्ये सुमारे ११ कोटी पॅरामीटर आहेत, म्हणजे ४४० एमबी. ७०० कोटी पॅरामीटरचं भाषा मॉडेल पूर्ण ३२ बिटांत २८ जीबी, १६ बिटांत १४ जीबी, ४ बिटांत साडेतीन जीबीच्या वर थोडं. यात पायटॉर्च ही मॉडेल चालवणारी लायब्ररी नुसती इम्पोर्ट केल्याची मेमरी धरलेली नाही, रिक्वेस्ट चालू असताना लागणारी जागाही नाही.

आता हा आकडा कसा फुगतो ते बघा. नेहमीच्या पद्धतीत आधी मॉडेलचा सांगाडा तयार होतो, त्यात यादृच्छिक वजनं भरलेली असतात. मग फाइलमधली वजनं मेमरीत येतात आणि शेवटी सांगाड्यात उतरवली जातात. त्या क्षणी मॉडेलच्या दोन प्रती मेमरीत असतात. लोड झाल्यावर एक सुटते, पण कंटेनर सरासरीवर मरत नाही, शिखरावर मरतो. डॅशबोर्डवर दर मिनिटाचा आलेख असेल तर ते शिखर दिसतही नाही. ‘मेमरी तर साठ टक्केच वापरली होती’ असं ऐकलं की मी हेच सांगतो.

मग वर्कर. गनिकॉर्नच्या मार्गदर्शिकेत कोअरच्या दुप्पट अधिक एक वर्कर असं सूत्र आहे. हलक्या वेब ॲपसाठी ते ठीक आहे. चार कोअरवर ते नऊ वर्कर सांगतं, आणि प्रत्येक वर्कर मॉडेलची स्वतःची प्रत लोड करतो. ४४० एमबीचं मॉडेल नऊ वेळा म्हणजे जवळजवळ चार जीबी, आणि लोड होताना सगळे एकदम दुप्पट. ‘प्रीलोड’ वापरून मॉडेल एकदाच लोड करून वर्करमध्ये वाटता येतं, पण फोर्क होण्याआधी (मुख्य प्रोसेसमधून वर्कर फुटण्याआधी) जीपीयूला स्पर्श झाला असेल तर कूडा, म्हणजे एनव्हिडियाच्या जीपीयूवर आकडेमोड चालवणारं सॉफ्टवेअर, चालायला नकार देतं. माझा सल्ला: एका कंटेनरमध्ये एकच वर्कर, आणि जास्त भार हवा असेल तर कंटेनर वाढवा. हिशोब सरळ राहतो आणि एक मेला तर बाकीचे उभे असतात.

क्लाउड रनवर आणखी एक गोष्ट. तिथे कंटेनरच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर जे लिहाल ते मेमरीतच जातं. सुरू होताना मॉडेल डाउनलोड करून तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवत असाल, तर २ जीबीच्या मॉडेलने लोड होण्याआधीच २ जीबी मेमरी खाल्लेली असते. वरच्या दोन प्रतींत ही तिसरी.

कंटेनरच्या आत ‘फ्री’ कमांडवर विश्वास ठेवू नका, ती यजमान मशीनची, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्याची, मेमरी दाखवते. खरी मर्यादा सीग्रुपच्या (लिनक्सची प्रोसेसवर मर्यादा घालण्याची सोय) फोल्डरमधल्या ‘मेमरी डॉट मॅक्स’ या फाइलमध्ये असते.

दोष घरच्या घरी दाखवून देण्याची एक फुकट युक्ती आहे. डॉकरने तोच कंटेनर स्वतःच्या मशीनवर चालवा, पण क्लाउडवर आहे तेवढीच मेमरीची मर्यादा घालून. ‘मेमरी-स्वॅप’ ही मर्यादाही तेवढीच द्या, ती मेमरी आणि स्वॅप (मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) दोन्ही मिळून असते. ती दिली नाही आणि मशीनवर स्वॅप चालू असेल, तर डॉकर मेमरीइतकाच स्वॅप आणखी वापरू देतो आणि कंटेनर नको तेव्हा वाचतो. जसंच्या तसं १३७ आलं की दोष मुठीत आला. आता प्रत्येक उपाय करून बघायला पुन्हा डिप्लॉयची वाट बघावी लागणार नाही.

उपायांचा क्रमही स्वस्ताकडून महागाकडे: आधी वर्कर एक करा. मग वजनं सेफटेन्सर्स या फाइल प्रकारात ठेवा किंवा पायटॉर्चच्या लोडमध्ये मेमरी मॅपिंग चालू करा, म्हणजे पूर्ण फाइल एकदम मेमरीत ओतली जात नाही. मग जीपीयू असेल तर १६ बिट. सीपीयूवर १६ बिटांनी मेमरी वाचते, पण वेग घटू शकतो, तो मोजून बघा. मग क्वांटायझेशन (वजनं आणखी कमी बिटांत साठवणं), पण तेव्हा मॉडेलची अचूकता पुन्हा तपासावी लागते, ती टाळू नका. एवढं करूनही शिखर मर्यादेच्या वर असेल तर खुशाल मोठं मशीन घ्या. तेव्हा तो खर्च हिशोबाने केलेला असतो.

मेमरी हळूहळू, जिना चढावा तशी वाढत काही तासांनी पडत असेल, तर ती गळती. प्रेडिक्शनचा कोड पायटॉर्चच्या ‘इन्फरन्स मोड’मध्ये (यात ट्रेनिंगसाठीचा हिशोब साठवला जात नाही) गुंडाळला आहे का, कुठे मर्यादा नसलेला कॅशे आहे का, आउटपुटचे टेन्सर (आकड्यांचे तक्ते) एखाद्या यादीत साठतायत का, हे बघा. ठराविक रिक्वेस्टनंतर वर्कर बदलण्याची सोय गनिकॉर्नमध्ये आहे. ती मलमपट्टी आहे, पण रात्र निघते.

हेल्थ चेक आणि वेळ

दर वेळी तेवढ्याच सेकंदांनी मरणाऱ्या सर्व्हरचं मूळ इथे असतं. कुबरनेटीसचा लाइव्हनेस प्रोब, म्हणजे ‘जिवंत आहे का’ हा हेल्थ चेक, काहीच सांगितलं नाही तर कंटेनर सुरू होताच चालू होतो, दर १० सेकंदांनी विचारतो, उत्तराला १ सेकंद देतो, आणि लागोपाठ ३ वेळा नापास झाला की कंटेनर रीस्टार्ट करतो. तुमचं मॉडेल लोड व्हायला पन्नास सेकंद लागत असतील तर ते कधीच पूर्ण होणार नाही. वर रीस्टार्टमधलं अंतरही वाढत जातं, १० सेकंद, २०, ४०, असं पाच मिनिटांपर्यंत. त्यामुळे दोष दुरुस्त केल्यावरही ‘अजून उठत नाही’ असं काही वेळ वाटू शकतं. जुना पॉड (कुबरनेटीसमधलं कंटेनरचं वेष्टण) काढून टाका, नवा लगेच सुरू होतो.

यावर उपाय स्टार्टअप प्रोब. दर १० सेकंदांनी, ३० वेळा नापास चालेल, असं सांगितलं तर लोड व्हायला पाच मिनिटं मिळतात आणि तोवर लाइव्हनेस गप्प राहतो. लाइव्हनेसचं काम फक्त ‘प्रोसेस जिवंत आहे का’ एवढंच ठेवा, ‘मॉडेल तयार आहे का’ हा प्रश्न रेडिनेस प्रोबला विचारू द्या. लाइव्हनेसमध्ये नमुना प्रेडिक्शन चालवण्याची हौस काहींना असते. गर्दीच्या वेळी ते प्रेडिक्शन सेकंदात येत नाही, प्रोब नापास होतो, आणि चांगला चालणारा सर्व्हर नेमका गर्दीत मारला जातो. मग त्याचा भार शेजारच्यावर पडतो आणि तोही जातो.

चार जण आले की पडतो, या तक्रारीत फास्टएपीआय या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कचा एक बारकावा वारंवार सापडतो. एंडपॉइंट (रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) ‘असिंक डेफ’ने लिहिलेला असतो आणि आत मॉडेलचं प्रेडिक्शन सरळ बोलावलेलं असतं. ते प्रेडिक्शन इव्हेंट लूप, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट आळीपाळीने हाताळणारं चक्र, अडवून ठेवतं. तेवढा वेळ सर्व्हर हेल्थ चेकलाही ‘हो’ म्हणू शकत नाही, आणि बाहेरून तो मेलेला दिसतो. तोच एंडपॉइंट साध्या ‘डेफ’ने लिहिला की फास्टएपीआय तो वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतो आणि लूप मोकळा राहतो. एक शब्द खोडायचा.

रिक्वेस्ट मध्येच तुटत असेल तर वाटेवरचे सगळे टाइमआउट लिहून काढा. गनिकॉर्नचा ३० सेकंद, एन्जिनएक्स या मधल्या वेब सर्व्हरचा वाचनाचा ६० सेकंद, एडब्ल्यूएसच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा निष्क्रियतेचा ६० सेकंद, हेरोकूच्या राउटरचा ३० सेकंद. यातला सर्वांत छोटा राज्य करतो, बाकीचे वाढवून उपयोग नाही. प्रेडिक्शनलाच मिनिटभर लागत असेल तर आकडे वाढवत बसू नका. काम रांगेत टाका, लगेच एक नंबर परत द्या आणि निकाल नंतर विचारायला सांगा.

आवृत्ती आणि प्रोसेसर

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर इमेज एम मालिकेच्या मॅकवर, म्हणजे आर्म प्रोसेसरसाठी बांधली गेली आहे आणि क्लाउडचं मशीन इंटेल-एएमडी जातीचं आहे. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म ‘लिनक्स, एएमडी ६४’ द्या. एक्झिट कोड १३२ असेल तर प्रोसेसर जुना किंवा कमी क्षमतेचा असू शकतो. टेन्सरफ्लो या लायब्ररीच्या तयार बिल्डना १.६ पासून एव्हीएक्स (प्रोसेसरच्या जलद आकडेमोडीच्या) सूचना लागतात, त्या नसलेल्या मशीनवर ते इम्पोर्टलाच कोसळतं.

पिकलने साठवलेलं मॉडेल ज्या आवृत्तीत साठवलं त्याच आवृत्तीत उघडा. आकडेमोडीची लायब्ररी नमपाय, तिच्या २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती २ वर साठवलेली फाइल नमपाय १ वर उघडताना ‘नमपाय डॉट अंडरस्कोर कोअर’ सापडत नाही अशी एरर येऊ शकते. रिक्वायरमेंट्समध्ये नेमके आकडे लिहा, ‘यापेक्षा मोठी’ चालणार नाही. आणि परक्याची पिकल फाइल उघडू नका. ती उघडताना आतला कोणताही कोड चालू शकतो.

इमेज अवाढव्य होत असेल तर लिनक्सवर पायटॉर्चसोबत कूडाच्या लायब्ररी येतात म्हणून. जीपीयू नसेल तर फक्त सीपीयूची आवृत्ती घ्या. अल्पाइन लिनक्सच्या छोट्या इमेजचा मोह टाळा, पायटॉर्च आणि टेन्सरफ्लोच्या तयार फाइली तिथे चालत नाहीत.

नुसताच हळू असेल तर

कंटेनरला दोन सीपीयू दिले तरी आत पायथॉनला यजमान मशीनचे सगळे कोअर दिसू शकतात. चौसष्ट कोअर दिसले की लायब्ररी तितके थ्रेड उघडते आणि ते सगळे दोन सीपीयूंसाठी भांडतात. ‘ओएमपी नम थ्रेड्स’ हा व्हेरिएबल मिळालेल्या सीपीयूइतका करा. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

जीपीयू

जीपीयू दिसत नसेल तर तीन थरांत, वरून खाली नव्हे, खालून वर तपासा. आधी यजमान मशीनवर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही जीपीयूची स्थिती दाखवणारी कमांड. चाललं नाही तर ड्रायव्हर नाही, पुढे जाण्यात अर्थ नाही. मग तीच कमांड कंटेनरमध्ये. इथे अडली तर एनव्हिडिया कंटेनर टूलकिट नाही किंवा कंटेनर सुरू करताना जीपीयू मागितलाच नाही. मग पायटॉर्चला विचारा कूडा उपलब्ध आहे का. इथेच ‘नाही’ आलं तर पायटॉर्च सीपीयूचं बसलंय किंवा ड्रायव्हर जुना आहे. ‘एनव्हिडिया-एसएमआय’च्या कोपऱ्यात दिसणारी कूडाची आवृत्ती ही ड्रायव्हर जास्तीत जास्त किती पेलू शकतो ते सांगते, आत काय बसवलंय ते नाही.

जीपीयूची मेमरी संपली तर १३७ येत नाही. पायथॉनचा रीतसर एक्सेप्शन येतो आणि रिक्वेस्टला ५००. तेव्हा कंटेनरची मेमरी वाढवणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. बॅच आणि इनपुटची लांबी कमी करा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कर्नलच्या लॉगमध्ये ‘एक्सआयडी’ने सुरू होणाऱ्या एनव्हिडियाच्या ओळी सारख्या दिसत असतील, विशेषतः एक्सआयडी ७९, म्हणजे जीपीयू बसवरून नाहीसा झाला, तर हात जोडा. तुमच्या कोडने ते सहसा सुटत नाही. मशीन बदलून बघा आणि क्लाउड कंपनीच्या सपोर्टला कळवा. जीपीयूचा कोटा शून्य असल्यामुळे मशीनच मिळत नसेल तर तेही त्यांच्याचकडचं काम. नव्या खात्यांवर हे नेहमीचं आहे.

आवृत्त्या नेमक्या बांधून, स्वच्छ इमेज बनवूनही १३९ येतच असेल तर नेटिव्ह कोड डीबग करणारा माणूस लागतो. अंदाजाने लायब्ररी बदलत राहिलात तर दोष एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो आणि पुढच्या माणसाचं काम अवघड होतं.

‘फक्त टेस्टिंगपुरतं’ म्हणून फायरवॉल सगळ्या जगाला उघडावीशी वाटली, किंवा सर्व्हरला सगळे अधिकार देऊन बघावेसे वाटले, तर तिथेच थांबा. खासगी नेटवर्क आणि अधिकारांचा गुंता नेटवर्क सांभाळणाऱ्याने सोडवायचा असतो. आणि इमेजमध्ये एखादी गुप्त की गेली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती रद्द करा. पुढच्या थरात फाइल डिलीट केली तरी आधीच्या थरात ती तशीच राहते.

बोलवलेल्या माणसाच्या हाती हे द्या: एक्झिट कोड आणि कारणाचा रकाना, पडण्याची नेमकी वेळ टाइमझोनसकट, इमेजचा डायजेस्ट (तिची नेमकी ओळख सांगणारा हॅश), मेमरीची मर्यादा आणि आलेख, पडण्याआधीच्या शेवटच्या शंभरेक ओळी, आणि शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय काय बदललं. डायजेस्ट मुद्दाम मागतो, कारण ‘लेटेस्ट’ हा टॅग आज एका इमेजकडे बोट दाखवतो आणि उद्या दुसऱ्या. तो माणूस येईपर्यंत जीपीयूचं मशीन बंद करून ठेवा. बजेटचा अलर्ट सहसा फक्त ईमेल पाठवतो, मशीन थांबवत नाही.